शिलंगणाचं सोनं आणि तालमीची माती

ऑक्टोबर उजाडला की ऑफिसच्या लिफ्टमध्ये दोनच विषय निघतात. दिवाळीची तिकिटं आणि वाढलेलं वजन. पाऊस थांबलेला असतो, सकाळी हवेत किंचित गारवा आलेला असतो, जिमवाल्यांनी दसरा-दिवाळी ऑफरचे फलक लावलेले असतात, आणि आपल्यातल्या निम्म्या लोकांना अचानक साक्षात्कार होतो की आता काहीतरी सुरू करायला पाहिजे. मग बूट येतात, बाटली येते, मोबाईलवर पावलं मोजणारं काहीतरी येतं. आणि जानेवारीत, म्हणजे बाकीचं जग नव्या वर्षाचे संकल्प सोडत असतं तेव्हा, आपले बूट चपलांच्या कप्प्यात मागे सरकलेले असतात.

गंमत म्हणजे सुरुवातीची ही वेळ आपण उगाच निवडत नाही. ती आपल्याकडे फार जुनी आहे. विसरलोय ते पुढचं, म्हणजे सुरू केलेलं टिकवायचं कसं ते. मी कोल्हापूरचा, त्यामुळे कुठल्याही प्रश्नाचं उत्तर आधी कोल्हापुरात शोधायची खोड आहे (नोकरीसाठी बाहेर पडलेल्या प्रत्येक कोल्हापूरकराला ती असते). पण व्यायामाच्या बाबतीत ही खोड माफ व्हावी. या गावाने जवळजवळ शंभर-सव्वाशे वर्षं हाच प्रश्न फार गांभीर्याने घेतला होता.

आधी ऋतूचं बघू. दसऱ्याला कोल्हापुरात शिलंगण म्हणतात. सीमोल्लंघन हा मूळ शब्द, पण तो बोलायला जड. मराठ्यांच्या काळात पावसाळ्यात मोहिमा थांबायच्या. नद्या दुथडी भरलेल्या, वाटा चिखलाने बुजलेल्या, आणि बरेचसे शिपाई आपापल्या गावी शेतात. दसऱ्याला पाणी उतरलेलं असायचं, घोड्यांना गवत मिळायचं, आणि गावाची सीमा ओलांडून फौजा बाहेर पडायच्या. म्हणजे दसरा हा चार महिने बसून काढलेल्या शरीराला पुन्हा कामाला लावायचा दिवस होता. आजही दसरा चौकात संध्याकाळी छत्रपती घराण्याच्या हस्ते शमीपूजन होतं आणि मग सोनं लुटायला जी झुंबड उडते, ती पाहिली की मोहिमेचा जुना जोश थोडासा कळतो.

आता वैद्यक काय म्हणतं? वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'त माणसाच्या बळाचा ऋतूंप्रमाणे हिशेब मांडलेला आहे. थंडीत, म्हणजे हेमंत आणि शिशिरात बळ सगळ्यात जास्त. पावसाळ्यात आणि कडक उन्हाळ्यात सगळ्यात कमी. शरद आणि वसंत मधले. म्हणजे शरदात आपण चढावर असतो. खालून वर निघालेलो असतो, पण वर पोचलेलो नसतो. व्यायामाबद्दलही याच ग्रंथात एक फार शहाणा नियम आहे. धडधाकट आणि तूप-दूध खाणाऱ्या माणसानेसुद्धा थंडीत आणि वसंतात निम्म्या ताकदीनेच व्यायाम करावा, आणि इतर वेळी त्याहून सौम्य. अति करणाऱ्याची तुलना हत्तीला ओढायला गेलेल्या सिंहाशी केली आहे. सिंह बलवान असतो, तरी त्यातच संपतो.

हा हिशेब आपल्या ऑक्टोबरला लावून बघा. शरद थंडीत मोडत नाही. उलट आपल्याकडे ऑक्टोबर हीट नावाचं प्रकरण असतं. म्हणजे या नियमाने ऑक्टोबरात निम्म्याहूनही कमी आणि थंडी पडल्यावर निम्मं. आणि आपण काय करतो? पहिल्या सोमवारी दीड तास, मंगळवारी अंग आंबलेलं, बुधवारी क्लाएंट कॉल, गुरुवारी विषय संपला.

आता तालमीत येऊ. तालीम हा शब्द मूळचा अरबी, अर्थ शिक्षण. आपण त्याचा अर्थ बदलून शरीराची शाळा असा केला, आणि मग त्या शाळेच्या इमारतीलाही तालीमच म्हणू लागलो. कोल्हापुरात पेठेपेठेत तालमी आहेत. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी ही कुस्तीतली गाजलेली नावं. पण त्यांच्याशिवाय गल्लीच्या तोंडाशी असलेल्या, मारुतीच्या मूर्तीजवळ चार-दोन जुने फोटो टांगलेल्या कितीतरी तालमी आहेत, ज्यांचं नाव गावाबाहेर कोणी ऐकलेलं नसतं.

तालमीचं वर्षही ऋतूंवर चालायचं. कोल्हापूरचा पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना कळेल की जुलै-ऑगस्टात हौद्यातली माती ओल धरते. (कुस्तीच्या आखाड्याला आमच्याकडे हौदा म्हणतात. पाण्याच्या हौदाशी गल्लत नको!) दसरा-दिवाळीनंतर गावोगावच्या जत्रा सुरू होतात, त्या पार चैत्र-वैशाखापर्यंत. आणि पश्चिम महाराष्ट्रात जत्रा म्हटली की कुस्त्यांचं मैदान आलंच. हलगी कडाडते, इनाम जाहीर होतं, जोडी लागतात. म्हणजे पैलवानाच्या डोक्यात तारीख पक्की असायची. अमुक गावची जत्रा अमुक तिथीला, तोपर्यंत अंग तयार पाहिजे. आपल्या भाषेत सांगायचं तर रिलीज डेट ठरलेली, आणि ती पुढे ढकलणं देवाच्याही हातात नाही, कारण ती त्याचीच जत्रा. :)

तालमीतला दिवस पहाटे सुरू व्हायचा. अजूनही होतो. चारच्या सुमाराला उठायचं, लंगोट चढवायचा आणि सगळ्यात आधी माती उकरायची. फावडं घेऊन अख्खा हौदा खालीवर करायचा. या मातीत हळद, ताक, तेल, लिंबू असं काय काय घातलेलं असतं. ती भुसभुशीत ठेवावीच लागते, नाहीतर पडणाऱ्याचं हाड मोडेल. आता यातली खुबी बघा. माती उकरणं ही तालमीची गरज आहे, पण तोच सगळ्यांचा वॉर्मअप आहे. आणि ते एकट्याचं काम नाही. तू आला नाहीस तर तुझ्या वाटची माती दुसऱ्याला उकरावी लागते, आणि तो ते बोलून दाखवतो. मग जोर, बैठका, दोरीचा चढ, आणि त्यानंतर लढत. जोर म्हणजे आपण ज्याला दंड म्हणतो तेच. नव्या पोराला वस्ताद लगेच लढतीला सोडत नाही. आधी थोडे जोर, थोड्या बैठका, आणि माती. अंग धरायला लागलं की आकडा वाढवायचा, आणि तो वस्तादने वाढवायचा, पोराने नव्हे. वाग्भटाचा निम्म्या ताकदीचा नियम इथे कोणी वाचलेला नसेल, पण तो पाळणारा माणूस हौद्याच्या काठावर उभा असतो.

हे सगळं राजाश्रयावर वाढलं. राजर्षी शाहू महाराज (१८७४–१९२२) १८९४ मध्ये गादीवर आले. त्यांना स्वतःला कुस्तीचा नाद होता. तालमींना मदत, पैलवानांना खुराक, मैदानात इनाम, आणि पंजाब-उत्तर हिंदुस्थानातल्या मल्लांनाही आश्रय. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणाला ते इंग्लंडला गेले. याच दौऱ्यात असताना २६ जुलै १९०२ ला मागासलेल्या वर्गांसाठी नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा राखून ठेवणारा त्यांचा जाहीरनामा निघाला, हे आपण शाळेत वाचलंय. याच प्रवासात त्यांनी रोमचं कलोसियम पाहिलं आणि तसलं काहीतरी आपल्या कुस्तीसाठी पाहिजे हे त्यांच्या मनाने घेतलं. त्यातून १९१२ मध्ये खासबाग मैदान पुरं झालं. मधोमध मातीचा हौदा, भोवती गोलाकार बैठक, आणि उतार असा की कुठेही बसलं तरी पुढच्याच्या डोक्याआड कुस्ती जात नाही. (शेजारचं केशवराव भोसले नाट्यगृहही त्यांचंच. ऑगस्ट २०२४ मध्ये ते आगीत जळालं, तेव्हा कोल्हापुरातली मोठी माणसं रस्त्यावर उभी राहून रडली.)

खासबागेचं कौतुक आपण दगड-मातीसाठी करतो. मला त्यातली व्यवस्था जास्त मोठी वाटते. गल्लीत तालीम, तालमीत वस्ताद, पोटाला खुराक, वर्षाच्या शेवटी मैदान, आणि मैदानात तुम्हाला नावाने ओळखणारे हजारो लोक. यातली एकही गोष्ट पैलवानाच्या निश्चयावर सोडलेली नव्हती. आपण मात्र सगळंच निश्चयावर सोडतो आणि मग तो कमी पडला म्हणून स्वतःला शिव्या घालतो.

आता त्याच व्यवस्थेची दुसरी बाजू. शाहू महाराज ६ मे १९२२ रोजी मुंबईत हृदयविकाराने गेले. वय ४७. तरुणपणी कुस्ती खेळलेला हा देह पुढे फार अवाढव्य झाला होता. संस्थानचा कारभार, सामाजिक लढाया, प्रवास, धाकट्या मुलाचा १९१८ मधला अपघाती मृत्यू... एवढं सगळं अंगावर घेतलेल्या माणसाच्या मृत्यूचं एकच कारण शोधायला जाऊ नये. पण ४७ हा आकडा मला सोडत नाही. आमच्याच मजल्यावर बसणाऱ्या एका मुलाची मागच्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली. तेहतीस वर्षांचा आहे. कॉलेजात कबड्डी खेळायचा, अजूनही खांदे तसेच रुंद आहेत. आपण एकेकाळी खेळाडू होतो या भांडवलावर पुढची तीस वर्षं निघत नाहीत.

तालमीतल्या म्हाताऱ्या मंडळींना हे चांगलं ठाऊक असतं. मेहनत सुटते, खुराक सुटत नाही, असं ते जुन्या पैलवानांबद्दल बोलतात. दिवसाला लिटरांनी दूध, बदाम-खसखशीची थंडाई, तूप, मटण ही चैन जोपर्यंत पहाटे हजारभर बैठका आहेत तोपर्यंतच चालते. मैदान बंद झालं, मांडी घालून गादीवर बसायला लागले, की तेच अन्न अंगावर येतं. आपण बैठका न मारता थेट गादीवरच जन्मलो, त्यामुळे आपल्याला तर तांबड्या-पांढऱ्याचाही हिशेब ठेवायला हवा. हे लिहिताना हात थरथरतोय, पण लिहिलं.

टिकवण्याचं सगळ्यात मोठं उदाहरण अर्थातच खाशाबा जाधव. कराडजवळच्या गोळेश्वरचा, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकलेला मुलगा. १९४८ मध्ये लंडन ऑलिंपिकला गेला तो कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने. आयुष्य मातीत गेलेलं, आणि तिथे कुस्ती मॅटवर. तरी फ्लायवेट गटात सहावा आला. पुढची संधी थेट चार वर्षांनी. त्या चार वर्षांत संस्थान संपलं. १ मार्च १९४९ ला कोल्हापूर मुंबई राज्यात विलीन झालं. म्हणजे राजाश्रय गेला. १९५२ च्या हेलसिंकीसाठी पैसे कुठून आणायचे? गोळेश्वरच्या लोकांनी वर्गणी काढली आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनी स्वतःचं घर सात हजार रुपयांना गहाण टाकलं. खाशाबांनी बँटमवेट गटात ब्राँझ आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परत आल्यावर त्यांनी काय केलं? कुस्त्यांची मैदानं घेतली, आणि त्या पैशातून प्राचार्यांचं घर सोडवलं.

या गोष्टीतलं पदक आपण पाठ केलंय. मला आठवतं ते गहाण पडलेलं घर. पहाटे चार वाजता, हेलसिंकी अजून कितीतरी लांब असताना, अंथरुणातून उठायला माणसाला काय लागतं? प्रेरणादायी वाक्यांनी ते होत नाही. आपल्यासाठी कोणीतरी काहीतरी पणाला लावलंय ही जाणीव पुरते. तालमीत तर ही जाणीव रोजची असते. तुमची जोड, म्हणजे तुमच्या ताकदीचा तो दुसरा गडी, तुम्ही आला नाहीत तर त्याचाही दिवस वाया जातो.

राजाश्रय गेल्यावर तालमी लगेच बसल्या नाहीत. उलट पुढची पंचवीस-तीस वर्षं बहराची होती. एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे १९५९ मध्ये पहिले हिंदकेसरी झाले. पुनवतचे गणपतराव आंदळकर १९६० मध्ये हिंदकेसरी, आणि १९६२ च्या जकार्ता एशियाडमध्ये पदकं. लातूरकडचे हरिश्चंद्र बिराजदार, उत्तरेतून आलेले दीनानाथसिंह, आणि कोल्हापूरच्या मातीतलेच दादू चौगुले. यातले बरेचसे बाहेरून येऊन तालमीत राहिले. आपण शिकायला पुण्यात येऊन होस्टेलवर राहतो तसे. मग हळूहळू ओघ आटला. बक्षिसं मॅटवर गेली, खुराक महागला, पोरं शिक्षणाकडे वळली (त्यात वाईट काही नाही, मीही त्यातलाच). महाराष्ट्र केसरीची गदा २००० मध्ये विनोद चौगुलेंनी कोल्हापुरात आणली, त्यानंतर ती यायला २०२२ उजाडलं, पृथ्वीराज पाटीलच्या खांद्यावरून.

पण तालमी संपल्या का? नाही. त्यांनी रूप बदललं. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम ही आज कोल्हापुरातल्या फुटबॉल संघांची नावं आहेत. पावसाळा संपला की शाहू स्टेडियमवर हंगाम सुरू होतो आणि पेठाच्या पेठा गॅलरीत येऊन बसतात. हौद्यातली माती गेली, पण गल्लीचं नाव, ठरलेला हंगाम आणि वाट बघणारे लोक राहिले, आणि म्हणून खेळ राहिला. एक कमतरता मात्र प्रामाणिकपणे मांडायला हवी. जुनी तालीम फक्त पुरुषांची होती. निम्म्या गावाला तिच्या उंबऱ्याच्या आत जागा नव्हती. वडणग्याच्या रेश्मा मानेसारख्या मुलींनी कुस्तीत नाव काढलं ते त्या व्यवस्थेमुळे नाही, तिच्याशी झगडून.

ज्यांना तालीम जवळ नाही त्यांच्यासाठी शेजारच्याच एका संस्थानाचं उदाहरण आहे. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१). चित्रकार, कीर्तनकार आणि सूर्यनमस्कारांचे कट्टर प्रचारक. ते स्वतः रोज नमस्कार घालायचे, घरच्यांना घालायला लावायचे आणि संस्थानातल्या शाळांत त्यांनी ते सक्तीचे केले. साधन लागत नाही, जागा सतरंजीएवढी, जोडीदार सूर्य. ज्याला फ्लॅटच्या हॉलमध्येच जमवायचंय त्याला याहून स्वस्त आणि सोपं काही सापडायचं नाही. पण इथेही बघा, राजा स्वतः रोज घालतोय आणि वर्गातली सगळी पोरं एकदम घालताहेत. एकट्याचं काम नाहीच.

आता थोडं आजच्या काळातलं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ लोकांवर एक अभ्यास केला, तो २०१० मध्ये छापून आला. प्रत्येकाने खाण्यापिण्याची किंवा व्यायामाची एक नवी गोष्ट निवडून ती रोज एका ठरलेल्या खुणेला जोडायची. उदाहरणार्थ नाश्त्यानंतर. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. पण कोणाला १८, तर कोणाला २५४ दिवस लागतील असा हिशेब निघाला. २१ दिवसांत सवय लागते हे जे आपण ऐकत आलोय त्याला इथे काही आधार मिळत नाही. आणि सगळ्यात दिलासा देणारी गोष्ट म्हणजे मधला एखादा दिवस चुकला तर फारसं काही बिघडत नाही.

दसऱ्यापासून ६६ दिवस मोजा. साधारण डिसेंबर येतो. मध्ये दिवाळी आहे, फराळ आहे, गावी जाणं आहे, एखादं प्रोजेक्ट बोंबलणं आहे. म्हणजे आपण दिवाळीत चार दिवस खंड पडला म्हणून सगळंच सोडून देतो, तेव्हा सवयीची साधारण एक तृतीयांश वाट झालेली असते. आणि डिसेंबरात थंडी चांगली पडलेली असते, वाग्भटाच्या हिशेबाने बळ सगळ्यात जास्त. तालमीतला पैलवान तेव्हा जत्रेच्या मैदानात उतरत असतो, आणि आपण लिफ्टमध्ये पुढच्या ऑक्टोबरबद्दल बोलत असतो.

तर मला या सगळ्यातून घेण्यासारख्या तीन गोष्टी दिसतात. सुरुवात इतकी कमी करायची की लाज वाटेल. दहा बैठका आणि तलावाला अर्धी फेरी. रंकाळा असो की तुमच्या सोसायटीची बाग. दुसरं, जत्रेसारखी एक तारीख ठरवायची, जी आपल्याला हलवता येणार नाही. डिसेंबर-जानेवारीतली एखादी दहा किलोमीटरची शर्यत, नाहीतर मित्रांबरोबर ठरलेला पन्हाळा ते विशाळगड. आणि तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं, जोड शोधायची. आपल्याच ताकदीचा, आपण नाही गेलो तर ज्याची सकाळ फुकट जाईल असा एक माणूस. ॲप आपली वाट बघत खाली गेटपाशी थंडीत उभं राहत नाही, माणूस राहतो.

सुदैवाने दसऱ्याला आपण तसेही घरोघरी जातो, सोनं देतो, सोन्यासारखे राहा म्हणतो. यंदा आपट्याचं पान हातात ठेवताना पुढे एवढंच जोडायचं, "उद्या सकाळी साडेसहाला खाली येतोस काय?"